फाट्याच्या गाडीचे तीन ठोके

मित्रांनो, तुमच्या शाळेपुढच्या लिंबाला जो लोखंडाचा तुकडा तारेने टांगलेला आहे, तो मी. सकाळी गुरुजी माझ्यावर ठोका मारतात आणि तुम्ही पळत येता. संध्याकाळी मारतात आणि तुम्ही त्याहून जोरात पळत जाता. वर मान करून माझ्याकडे कोणी बघत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण परवा तुमच्यातल्या कोणीतरी दगड घेऊन माझ्यावर उगाच तीन ठोके मारले. गुरुजी बाहेर धावत आले आणि त्यांनी त्या मुलाचा हात धरला. ते रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "तीन मारायचे नाहीत." का, ते त्यांनी सांगितले नाही, कारण ते यंदाच बदलून आले आहेत. त्यांच्या आधीच्या गुरुजींनी जाताना त्यांना एवढेच सांगितले होते. गावातली मोठी माणसे हे बोलत नाहीत. म्हणून मी सांगतो.

मी पूर्वी अख्खा रूळ होतो. परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात मला ओतले. ते दिवस मला आठवत नाहीत. थंड झाल्यानंतरचे मात्र सगळे आठवते. बोटीतून मुंबई, आणि मुंबईहून वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, पडून पिंपरबन. पहिली मोठी लढाई संपून तेव्हा थोडी वर्षे झाली होती.

पिंपरबन हे दौंड-मनमाड रेल्वेरस्त्यावरचे एक साधे स्टेशन होते. एक फलाट, मास्तरची खोली आणि एक विहीर. त्या विहिरीचे पाणी वैशाखातही आटत नसे, म्हणून शेजारी इंजिनांसाठी उंच टाकी बांधली होती. कंपनीने ठरवले की इथून पूर्वेला एक फाटा काढायचा आणि तो शेवगावापर्यंत न्यायचा. तिकडून कापूस, बाजरी आणि जनावरे यायची, इकडून मीठ, रॉकेल आणि कापड जायचे. फाटा फुटला की स्टेशनचे जंक्शन होते. रूळ पडायच्या आधीच पाटीवर तो शब्द रंगवून झाला होता. लोक येऊन ती पाटी बघून जात.

ते वर्ष दुष्काळाचे होते. पूर्वेकडची माणसे कामाला आली. त्यांत मुरमाडीचा गहिनीनाथ होता आणि त्याची बायको रंगुबाई होती. तो रूळ वाहायचा, खिळे ठोकायचा. ती डोक्यावर खडीच्या पाट्या वाहायची. काम पिंपरबनहून सुरू झाले आणि मुरमाडीकडे सरकत गेले. दिवस मावळताना गहिनीनाथ पूर्वेकडे बघून म्हणायचा, "आज घर अजून जवळ आलं बघ."

रंगुबाई पाटी उपडी करून तिच्यावर बसायची. "चालत गेलो असतो तर कवाच पोचलो असतो," ती म्हणायची. "ह्यो मानूस घरी जायला लोखंडाचा रस्ता करतोय."

फाटा शेवगावापर्यंत गेलाच नाही. पैसे संपले आणि तो मुरमाडीला थांबला. मुरमाडीने त्यासाठी काही केले नव्हते. रूळ तिथे संपले, म्हणून ते शेवटचे स्टेशन झाले.

शेवटचा रूळ मी होतो. मी मापापेक्षा लांब निघालो. गहिनीनाथने माझ्यावर छन्नी धरली, दुसऱ्याने घण मारला आणि जास्तीचा भाग तुटून पडला. त्याचे पुन्हा दोन तुकडे केले. एक मी, दुसरा माझा भाऊ. दोघांनाही जोडपट्टीसाठी पाडतात तसे भोक होते. भावाला मुरमाडीच्या स्टेशनपुढे लिंबाला टांगले आणि मला पिंपरबनच्या फलाटावर. एका रुळाचे दोन तुकडे असल्यामुळे आमचा आवाज सारखा होता. पुढे तुम्हाला हे लक्षात ठेवावे लागेल.

पिंपरबनला माझ्यावर ठोका मारायचे काम शमशेर सांधेवाल्याकडे होते. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते ती जागा म्हणजे सांधा, आणि तो वळवणारा सांधेवाला. नगरकडून गाडी येत असली की तो एक ठोका मारी. मनमाडकडून येत असली की दोन. फाट्याच्या गाडीला तीन. आंधळ्या माणसालाही फलाटावर बसून कळे की कुठली गाडी येते आहे.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. फाट्याच्या गाडीतून उतरलेली माणसे मोठ्या गाडीची वाट बघत माझ्याखाली बसत. दसरा झाला की पूर्वेकडची कुटुंबेच्या कुटुंबे उतरायची, कोयते गोणपाटात गुंडाळलेले. ती बेलापूरकडे उसाला जायची. उन्हाळ्याच्या तोंडी तीच माणसे परत यायची, काळी पडलेली, गुळाची ढेप सांभाळत. शेळ्या यायच्या, नवऱ्या मुली यायच्या, कोर्टाच्या तारखेला निघालेले भाऊ-भाऊ दोन वेगळ्या डब्यांतून उतरायचे. हिंदूंच्या पाण्याची घागर एका खांबाजवळ आणि मुसलमानांची दुसऱ्या खांबाजवळ असे. पाणी एकाच विहिरीचे होते. मला सगळे ऐकू येई.

गहिनीनाथ रेल्वेत कायम झाला आणि काही वर्षांनी फाट्याच्या गँगचा मुकादम झाला. फाट्यावरचे खिळे, खडी, रुळांखालची आडवी लाकडे म्हणजे स्लीपर, हे सगळे त्याच्या हाताखाली. त्याला आणि रंगुबाईला स्टेशनजवळ एक खोली मिळाली. मूलबाळ नव्हते. मुरमाडीला घर होते. त्यात त्याच्या मयत थोरल्या भावाची बायको, बायडाबाई, राहायची. तिने या दोघांसाठी घराची एक खण जागा राखून ठेवली होती. तिथे ती कांदे सुद्धा पसरू देत नसे.

फाट्याची गाडी हळू होती. शमशेर पुष्कळदा हातोडी गहिनीनाथच्याच हाती देई आणि तीन ठोके मारून झाले की त्याला चिडवी, "मुकादम, तुमची मुरमाडी आली. बाजरी पेरून, कापून, मळून आली."

"तुज्या मनमाडच्या गाडीत भाकरी येती का कोनाची?" गहिनीनाथ म्हणायचा.

आणि खरेच फडक्यात बांधलेली भाकरी यायची. बायडाबाई ती गार्डाच्या हाती देई. वर तिळाची चटणी, कधी नुसता कांदा. रंगुबाई ती भाकरी खाताना दर वेळी तेच म्हणे, "खोली रेल्वेची हाय. नोकरी सरली की मुरमाडी. मरायचं ते आपल्या दारात." गहिनीनाथ मान हलवी. त्या दोघांना आयुष्यात एवढेच हवे होते, आणि ते मिळणार यात शंका नव्हती.

आता पाण्याचे सांगतो. मुरमाडीला पाणी नव्हते. गावची विहीर माघातच तळ दाखवी, आणि दुसरी विहीर टेकडीपलीकडे, लांब. इंजिनाला तर परत यायला पाणी लागणारच. म्हणून फाट्याच्या गाडीला पिंपरबनच्या विहिरीचे पाणी भरलेली एक टाकीची वाघीण जोडून देत. मुरमाडीला इंजिन पाणी पिई. उरलेले पाणी परत ओढत आणणे म्हणजे फुकटचे वजन. मग ड्रायव्हर तोटी मोकळी सोडी आणि बाया भरून घेत. हे कुठल्या नियमात नव्हते. कोणा साहेबाला ठाऊकही नसावे. मुरमाडीला माझ्या भावावर तीन ठोके पडले की बाया हातातले काम टाकून घागरी घेऊन निघत. चुलीवरचे पिठले करपले तरी चालेल. रांगेत बायडाबाई पहिली. त्या गावात ज्या पोरी सून होऊन आल्या, त्यांना सासूने पहिल्या दिवशी हेच शिकवले. तीन ठोके म्हणजे पाणी.

असे वीस वर्षे चालले. मग दुसरी लढाई आली.

नगरच्या छावणीकडे जाणाऱ्या पलटणींच्या गाड्या पिंपरबनवरून जाऊ लागल्या. ठोके वाढले. माझ्या अंगावर जिथे हातोडी बसते तिथे खळगा पडला आणि ती जागा बधिर झाली. आवाज पूर्वीसारखाच येई. मला मात्र काही लागेनासे झाले.

एक दिवस साहेब रुळांवरून ढकलायच्या ट्रॉलीवर बसून आला. फाटा बंद. रूळ काढून लढाईवर पाठवायचे. कोणी इराक म्हणाले, कोणी मिसर. तिथे पलटणीसाठी रेल्वे घालायची होती आणि नवे लोखंड मिळत नव्हते. मोठी लाइन राहणार होती. फाटा जाणार होता. काढायचे काम गहिनीनाथच्या गँगला.

गहिनीनाथने मास्तरमार्फत विचारले, "साहेब, लढाई सरल्यावर परत घालनार का?"

साहेब चहा पीत होता. म्हणाला, "घालणार. नक्की."

गहिनीनाथ त्या दिवशीच्या फाट्याच्या गाडीने मुरमाडीला गेला आणि गावाला सांगून आला की लढाई सरली की रूळ परत, त्याचा शब्द. परत आल्यावर शमशेर त्याला म्हणाला, "अरे, साहेबाचा शब्द साहेबाजवळ राहू द्यायचा हुता. तू आपला कशाला दिलास?"

"कोनीतरी द्यायला पायजे ना."

"आनि काढायचं काम बी तूच घेनार? आजारी पड. दुसऱ्या गँगला सांगतील."

"दुसरा मोडून-तोडून काढंल," गहिनीनाथ म्हणाला. "म्या घातलाय, मी नीट काढीन. खिळा अन् खिळा. परत घालताना उपेगी पडंल."

शमशेरने माझी तार घट्ट केली. तिला काही झालेले नव्हते.

मित्रांनो, रूळ काढताना शेवटच्या टोकापासून काढतात. काढलेले रूळ वाघिणीत भरायचे असतात आणि वाघिणींना परत यायला पुढचे रूळ लागतात. म्हणून काम मुरमाडीपासून सुरू झाले. त्याच्या स्वतःच्या गावापासून, माघ महिन्यात, विहिरीने तळ दाखवला त्याच आठवड्यात.

तिथे काय झाले ते मला माझ्या भावाने सांगितले. पहिल्या दिवशी लिंबावरून काढून त्यालाही वाघिणीत टाकले होते. ती वाघीण पिंपरबनला माझ्यासमोर दोन दिवस उभी होती. तो वाघिणीत खाली होता आणि मी फलाटावर वर होतो.

सकाळी गँग पहारी घेऊन उतरली तेव्हा अख्खे गाव फलाटावर होते. कोणी ओरडले नाही. बायडाबाई घागर घेऊन पुढे आली आणि ज्या रुळाशी गहिनीनाथ उभा होता त्या रुळावर तिने घागर ठेवली. घागर रिकामी होती.

"मुकादम," ती म्हणाली, "आजची गाडी कवा हाय?"

वीस वर्षांत तिने त्याला मुकादम म्हटले नव्हते. भावजी म्हणायची.

"वहिनी, गाडी बंद झाली. सांगून गेल्तो ना मी."

"मंग ही घागर कुठं न्हेऊ?"

"थोडं दिस काढा. परत घालनार हायेत."

"तवर प्यायचं काय? तुमचा शब्द?"

गँगमधला एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. ट्रॉलीवरून साहेबाच्या माणसाने विचारले की काम का थांबले. गहिनीनाथने पहार खाली ठेवली. वाकून दोन्ही हातांनी घागर उचलली, भरलेली उचलावी तशी जपून, आणि रुळांखालच्या मातीच्या भरावावर कलंडणार नाही अशी टेकवून ठेवली. मग त्याने पहार उचलली आणि खिळा उपटला. तो खिळा त्यानेच ठोकलेला होता.

भाऊ म्हणाला की खिळा निघताना लाकडातून जो आवाज आला तो सोडला तर दुसरा आवाज नव्हता. बायडाबाईने घागर उचलली आणि ती घरी गेली. त्या दिवशी गँगला गावात कोणी भाकरी दिली नाही.

तिसऱ्या दिवशी वाघीण हलली. भाऊ मुंबईकडे गेला. तिथून पुढचे मला ठाऊक नाही.

गँग मागे मागे येत राहिली. पूर्वी रोज घर जवळ यायचे, आता रोज लांब जाऊ लागले. गहिनीनाथ एकही खिळा वाकू देत नसे. उन्हाळा चढला तेव्हा ते पिंपरबनला पोचले. शमशेरने शेवटचा सांधा कुलूप लावून बंद केला आणि मग कुलपासकट तोही काढला. गहिनीनाथने टाकीखाली हात धुतले आणि तो माझ्याखाली येऊन बसला. शमशेरने चहा आणला. तो त्याच्यासमोर निवला. काही विचारले की गहिनीनाथ "व्हय" म्हणे. न विचारता काही म्हणत नसे. तो रडला नाही आणि कोणावर चिडलाही नाही. दुसऱ्या दिवशी त्याला मोठ्या लाइनच्या गँगवर घातले आणि तो वेळेवर गेला.

शमशेरचा हात दोन ठोक्यांवर थांबायला शिकला.

त्या उन्हाळ्यात मुरमाडीच्या बाया टेकडीपलीकडच्या विहिरीवर जात होत्या. काही घरे कुलूप लावून बेलापूरकडे गेली आणि परत आली नाहीत. जी आली-गेली ती भरावावरून चालत पिंपरबनला यायची आणि माझ्याखाली बसून मोठ्या गाडीची वाट बघायची. एकदा रंगुबाई त्यांच्यासाठी खोलीतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यांनी तांब्याकडे बघितले नाही. उठून स्टेशनच्या नळावर गेली आणि ओंजळीने प्याली. रंगुबाई तांब्या घेऊन परत गेली.

"काय म्हनाले?" गहिनीनाथने विचारले.

"ताहान नव्हती त्यानला," रंगुबाई म्हणाली.

गावात कोणी बैठक घेऊन असे ठरवले नव्हते. प्रत्येकाने आपापले बोलणे बंद केले होते. लढाई सरून रूळ परत पडले असते तर ते बोलणे कदाचित पुन्हा सुरू झाले असते. गहिनीनाथ त्याच भरवशावर होता. फाट्याची हत्यारे त्याने तेल लावून एका कोपऱ्यात ठेवली होती. दर पावसाळ्यानंतर तो त्यांना पुन्हा तेल लावी.

लढाई सरली. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. मास्तर बदलले, साहेब बदलले. गहिनीनाथने नव्या साहेबाला विचारले की फाटा कधी घालणार.

"कुठला फाटा?" साहेबाने विचारले.

गहिनीनाथने पूर्वेकडे हात केला. तिकडे बोरीची झाडे उगवली होती. साहेबाने बघितले आणि मान हलवली, आणि तो ट्रॉलीवर बसला. त्यानंतर काही दिवसांनी रंगारी आला आणि त्याने पाटीवरचा जंक्शन हा शब्द पिवळ्या रंगाने पुसला. त्याच सुमारास पितळेची नवी घंटा आली. मला खाली काढले.

मग मी दिव्यांच्या खोलीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी पडून राहिलो. माझ्यावर रॉकेल सांडे. एक कुत्री माझ्यावर मान टेकवून झोपे. देश स्वतंत्र झाला तेव्हा पितळेची घंटा खूप वेळ वाजली आणि पेढे वाटले गेले. त्या दिवसांत गाड्या खच्चून भरून जात. शमशेरचे काही नातेवाईक त्याला आपल्याबरोबर चल म्हणत होते. "सांधा कोन बघंल?" असे म्हणून तो राहिला. मला ते सगळे दाराच्या फटीतून ऐकू येत होते. बरे किंवा वाईट असे काही वाटत नव्हते. गहिनीनाथ दिवे घ्यायला येई तेव्हा मला ओलांडून जाई. त्याच्याही तोंडावर काही दिसत नसे.

पुढच्या वर्षी त्याची नोकरी संपली. मास्तरांनी हार घातला, नारळ दिला आणि विचारले, "मुकादम, आठवण म्हणून काय हवं?"

"दिव्याच्या खोलीत दाराला लोखंड लावलंय, ते."

"ते कशाला?"

"मुरमाडीला शाळा निघालीय. घंटा न्हाई तितं."

शाळा निघाल्याचे त्याला शमशेरने सांगितले होते. शमशेरला बेलापूरकडे जाणाऱ्या कोणीतरी. खोली रिकामी करायची होती. जायला मुरमाडीखेरीज जागा नव्हती आणि मुरमाडीला बोलणारे माणूस नव्हते. रंगुबाईने भांडी बांधली. मला बैलगाडीत चढवताना बघून ती शमशेरला म्हणाली, "बघा भाऊ. मानसं त्वांड बघंनात, आन ह्यो त्यास्नी लोखंड घेऊन निघाला."

"जड हाय म्हनून बरं," शमशेर म्हणाला. "फेकून मारता यायचं न्हाई."

रंगुबाई हसली. निघताना शमशेरने माझ्यावरची धूळ आपल्या पटक्याने पुसली.

बैलगाडी भरावावरून चालली. रंगुबाई गाडीत बसली होती आणि गहिनीनाथ मागून चालत होता. स्लीपर निघून सहा वर्षे झाली होती, तरी त्याचे पाऊल स्लीपरच्या अंतरावरच पडत होते. ना कमी, ना जास्त. रंगुबाई त्याच्या पायांकडे बघत होती.

मुरमाडी आली. शाळा जुन्या स्टेशनच्या खोलीत भरत होती, हीच तुमची शाळा. समोर हाच लिंब. माझ्या भावाच्या तारेची खूण फांदीवर अजून होती. साल तिच्यावर चढत होती. वाटेत भेटलेल्या दोन-तीन माणसांनी बैलांकडे बघितले, गाडीवानाला रामराम केला आणि ती गहिनीनाथला ओलांडून पुढे गेली. तो घरी गेला नाही. आधी शाळेत आला. पहिले गुरुजी बाहेरगावचे होते. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना आनंद झाला.

गहिनीनाथने जुन्या खुणेवरच नवी तार गुंडाळली आणि मला टांगले. गुरुजी म्हणाले, "बाबा, पहिला ठोका तुम्हीच मारा."

त्याने हातोडी घेतली. एक मारला. दुसरा मारला. हात थांबला नाही. तिसराही मारला.

मग तो थांबला. हातोडी हातात तशीच राहिली. मी हलत होतो. माझा आवाज गावावरून गेला. तो माझा होता आणि माझ्या भावाचाही होता.

पहिल्यांदा एका गल्लीतून दोन बाया आल्या. मग दुसऱ्या गल्लीतून. काहींच्या हाताला पीठ होते. सगळ्यांच्या कमरेवर घागरी होत्या. एक तरणी सून सगळ्यात मागे येत होती आणि विचारत होती की कुठे चाललो आपण. तिला कोणी उत्तर दिले नाही. बाया जुन्या फलाटावर येऊन उभ्या राहिल्या आणि भरावाकडे बघू लागल्या. भरावावर सोडलेले दोन बैल चरत होते. सगळ्यांत पुढे बायडाबाई होती. ती म्हातारी झाली होती. तरी पहिली आली होती.

मुले वर्गातून डोकावत होती. बायडाबाईने आपल्या घागरीकडे बघितले, जणू ती कोणी हातात दिली ते तिला आठवत नव्हते. मग लिंबाखाली बघितले.

"काय मुकादम," ती म्हणाली, "पानी आनलं का?"

सहा वर्षांत त्या गावाने त्याला विचारलेले ते पहिले वाक्य.

"न्हाई वहिनी."

"मंग तीन का मारले?"

गहिनीनाथने हाताकडे बघितले. "शाळंची घंटा हुती. एकच मारायचा हुता. हाताला ठाऊक न्हाई."

"आन आमच्या पायास्नी तरी कुठं ठाऊक हाय?" बायडाबाई म्हणाली. "पीठ कुत्र्याच्या म्होरं टाकून आले."

मागे कोणीतरी हसले. मग आणखी एक जण. ते हसणे फार नव्हते, पण ते तिथे होते. गहिनीनाथ हसला नाही. त्याची हातोडी खाली पडली आणि ती उचलायला तो वाकला, तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. रंगुबाई गाडीतून उतरून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

बायडाबाई पुढे आली. तिने आपली घागर रंगुबाईच्या कमरेवर टेकवली. "धर. निघाली घागर ती रिकामी घरी न्हेत न्हाईत. टेकडीपल्याडच्या हिरीवर जायाचंय. लई लांब हाय, आधीच सांगते." मग तिने तरण्या सुनेच्या हातातली घागर घेतली आणि गहिनीनाथपुढे धरली. "भावजी, तुमी बी एक घ्या. मुरमाडीला ऱ्हायचं तर पानी आनावं लागतंय."

गहिनीनाथने घागर घेतली, दोन्ही हातांनी. खांद्यावर ठेवली. पुरुष माणूस घागर घेऊन निघाला म्हणून मुले ओरडली. गुरुजींनी त्यांना गप्प केले. बाया पुढे, रंगुबाई आणि बायडाबाई बरोबर, आणि तो सर्वांच्या मागे, आपल्या त्या मोजलेल्या पावलांनी. टेकडीच्या वळणापर्यंत मला दिसत होते.

तेव्हापासून तो रोज जातो. तुम्ही त्याला बघता. घागरवाला मुकादमबाबा म्हणून त्याला हसताही. हसा. त्याचे त्याला काही नसते. राखलेल्या खणात तो आणि रंगुबाई राहतात आणि बायडाबाई त्यांच्याशी रोज भांडते.

तर मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. माझी तार गंजली आहे, ती पावसाळ्याआधी बदला. माझ्यावर दगड मारू नका, हातोडी आहे. शाळा भरताना एक मारा, सुटताना लांब लांब पुष्कळ मारा. कितीही मारा. पण तीनवर थांबू नका.

परवा तीन पडले तेव्हा तुम्ही हसत होता आणि गुरुजी त्या मुलाचा हात धरून उभे होते. मी वर होतो, म्हणून मला दिसले. बायडाबाई गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. तिच्या कमरेवर घागर होती. तिने भरावाकडे बघितले, घागर एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली, आणि कोणी बघितले नाही ना असे बघून ती परत गेली.